सरकारी व्यापार अधिकारी व्हायचे असेल तर

न्हावा-शेवा बंदराकडे जाणारे कंटेनर ठाणे-बेलापूर रस्त्यावरून आणि उरण फाट्यावरून रात्रंदिवस धावताना या भागातला प्रत्येक जण पाहतो. त्या प्रत्येक कंटेनरमागे परवाने, दाखले आणि तपासण्या यांची एक साखळी असते आणि तिचा प्रत्येक दुवा कोणत्या ना कोणत्या सरकारी अधिकाऱ्याच्या सहीने जोडलेला असतो. तरीही हा अधिकारी नेमका कोण, तो कोणत्या परीक्षेतून येतो आणि वीस वर्षांनी कुठे पोहोचतो, हे पदवीच्या शेवटच्या वर्षात असलेल्या मुलामुलींना विचारले, तर बहुतेकांचे उत्तर 'कस्टममध्ये असतो' इथेच थांबते. उत्तर अपुरे आहे आणि त्याचा फटकाही बसतो. एका परीक्षेच्या मागे पाच वर्षे घालवल्यावर, आपल्याला हवे असलेले काम दुसऱ्याच परीक्षेतून मिळते, हे उमगलेले उमेदवार ठाणे-वाशीच्या अभ्यासिकांत दरवर्षी भेटतात. म्हणून कामाचे स्वरूप आधी समजून घ्यावे आणि त्यावरून परीक्षा निवडावी, हाच क्रम पुढे धरला आहे.

आधी टेबल निवडा

व्यापाराशी संबंधित सरकारी काम ढोबळमानाने तीन टेबलांवर चालते. पहिले टेबल धोरणाचे. केंद्रीय वाणिज्य विभागाच्या अखत्यारीतील विदेश व्यापार महासंचालनालय, म्हणजेच डीजीएफटी, हे त्याचे मुख्य ठिकाण. कोणता माल खुला, कोणता निर्बंधित आणि कोणता प्रतिबंधित हे येथून अधिसूचित होते. आयात-निर्यातदारांना लागणारा आयईसी, म्हणजे आयात-निर्यात नोंदणी क्रमांक येथे मिळतो, आणि ॲडव्हान्स ऑथरायझेशन (निर्यातीच्या मालासाठी कच्चा माल शुल्कमुक्त आणण्याची योजना) व ईपीसीजी (निर्यातीसाठी यंत्रसामग्री शुल्कमुक्त आणण्याची योजना) यांसारख्या योजनांचे परवानेही येथूनच निघतात. ठाणे आणि रायगडच्या निर्यातदारांचे काम या खात्याच्या मुंबईतील प्रादेशिक कार्यालयाकडे असते. राज्यात पुणे आणि नागपूर येथेही अशी कार्यालये आहेत.

दुसरे टेबल सीमेचे, म्हणजे सीमाशुल्क विभागाचे. तो वित्त मंत्रालयाच्या महसूल विभागाकडे येतो आणि केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळ त्याचा कारभार पाहते. न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू कस्टम हाऊस याच विभागाचे आहे. माल प्रत्यक्ष उघडून पाहणे, त्याचे वर्गीकरण आणि मूल्यांकन करणे, शुल्क आकारणे आणि तस्करी रोखणे ही येथली कामे. तिसरे टेबल जिल्ह्याचे. राज्याच्या उद्योग संचालनालयाचे जिल्हा उद्योग केंद्र, त्याचे महाव्यवस्थापक आणि उद्योग निरीक्षक हे लहान कारखानदाराला निर्यातीच्या उंबरठ्यापर्यंत आणतात.

ही तिन्ही कामे एकमेकांत गुंतलेली असली तरी माणसाकडून ती वेगवेगळे गुण मागतात. ज्याला मसुदा लिहिण्यात, कायद्याचा अर्थ लावण्यात आणि वाटाघाटीत रस आहे, त्याने पहिल्या टेबलाकडे पाहावे. प्रत्यक्ष माल, प्रयोगशाळेचे अहवाल, छापे आणि तपास यांत ज्याचे मन रमते, त्याने दुसऱ्याकडे. आपल्या जिल्ह्यातच राहून लघुउद्योजकांबरोबर काम करावेसे वाटत असेल, तर तिसरे टेबल कमी प्रतिष्ठेचे मानण्याचे काहीही कारण नाही.

कांद्याच्या एका अधिसूचनेतून काम समजून घ्या

पहिल्या दोन टेबलांतला फरक आणि त्यांचा सांधा समजून घ्यायला कांद्याइतके चांगले उदाहरण नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले. तो निर्णय वित्त मंत्रालयाचा होता. ऑक्टोबरच्या अखेरीस प्रतिटन ८०० डॉलर ही किमान निर्यात किंमत ठरली. ती डीजीएफटीच्या अधिसूचनेने. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यात पूर्णपणे प्रतिबंधित झाली आणि ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, पण त्याच वेळी ५५० डॉलरची किमान किंमत आणि ४० टक्के शुल्क ही दोन्ही बंधने आली. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान किंमत रद्द होऊन शुल्क २० टक्क्यांवर आले, आणि १ एप्रिल २०२५ पासून शुल्कही गेले. दोन वर्षांहून कमी काळात एकाच शेतमालाबाबत दोन वेगळ्या मंत्रालयांनी दोन वेगळ्या कायद्यांखाली इतके निर्णय घेतले.

आता डिसेंबर २०२३ च्या बंदीच्या अधिसूचनेकडे अधिकाऱ्याच्या नजरेने पाहा. बंदी लागू झाली त्या रात्री काही कांदा जहाजावर चढत होता, काही बंदराच्या आवारात होता, काही वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमधून निघालेल्या ट्रकमध्ये होता. यातला कोणता जाऊ द्यायचा? अधिसूचनेत त्याची उत्तरे दिलेली होती. जहाजावर माल चढवणे आधीच सुरू झाले असेल, तर तो जाईल. शिपिंग बिल (निर्यातीच्या मालाचे सीमाशुल्काकडे द्यायचे विवरणपत्र) दाखल झालेले असून जहाज बंदरात आलेले असेल आणि त्याला रोटेशन क्रमांक (जहाजाच्या त्या फेरीचा नोंद क्रमांक) मिळालेला असेल, तर तोही जाईल. माल सीमाशुल्क विभागाच्या ताब्यात गेलेला असून संगणकप्रणालीत त्याची नोंद तारीख-वेळेसह पडताळता येत असेल, तर तोही जाईल. ट्रकमधला कांदा यांपैकी कशातच बसत नाही. हे वाक्य दिल्लीत बसून लिहिणारा एक अधिकारी असतो आणि न्हावा-शेवाच्या फाटकावर त्याचा अर्थ लावणारा दुसरा. पहिल्याच्या वाक्यात एक शब्द संदिग्ध राहिला, तर दुसऱ्याच्या दारात शंभर ट्रक उभे राहतात आणि कांदा थांबत नाही, सडतो.

यातला कायदेशीर सांधाही लक्षात ठेवण्यासारखा आहे. विदेश व्यापार (विकास व विनियमन) अधिनियम, १९९२ च्या कलम ३ खाली केंद्र सरकार एखाद्या मालावर बंधन घालते, आणि त्याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमानुसार तो माल सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम ११ खाली प्रतिबंधित मानला जातो. म्हणूनच वाणिज्य मंत्रालयाचा शब्द वित्त मंत्रालयाच्या अधिकाऱ्याला माल अडवण्याचा अधिकार देतो. मुलाखतीत व्यापार या विषयावर बोलण्याची वेळ आली, तर हा एक सांधा नीट मांडता येणारा उमेदवार दहा पाठ उत्तरांपेक्षा वेगळा दिसतो.

भारतीय व्यापार सेवा: संघ लोकसेवा आयोगाचा रस्ता

धोरणाच्या टेबलावर सुरुवातीपासून बसायचे असेल, तर भारतीय व्यापार सेवा, म्हणजे आयटीएस, हा मार्ग आहे. ही गट अ सेवा १९७७ मध्ये सुरू झाली आणि तिची भरती संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेतूनच होते. कोणत्याही शाखेची पदवी चालते. वयोमर्यादा खुल्या गटासाठी २१ ते ३२ वर्षे आणि प्रयत्न सहा. इतर मागासवर्गीयांसाठी ३५ वर्षे आणि नऊ प्रयत्न. अनुसूचित जाती-जमातींसाठी ३७ वर्षे, आणि त्या वयापर्यंत प्रयत्नांवर मर्यादा नाही.

पूर्व परीक्षेत सामान्य अध्ययनाचे १०० प्रश्न २०० गुणांसाठी असतात आणि गुणवत्ता त्यावरच ठरते. दुसऱ्या, म्हणजे सीसॅटच्या (आकलन, गणित आणि तर्कशक्तीच्या) पेपरमध्ये ३३ टक्के गुण पुरेसे असतात, पण अनेक चांगले विद्यार्थी तिथेच अडकतात, म्हणून त्याला हलके घेऊ नये. मुख्य परीक्षा १,७५० गुणांची: निबंध, सामान्य अध्ययनाचे चार पेपर आणि वैकल्पिक विषयाचे दोन, प्रत्येकी २५० गुणांचे. मुलाखतीचे २७५ गुण मिळवले की एकूण २,०२५. याशिवाय एक भारतीय भाषा आणि इंग्रजी असे पात्रतेपुरते दोन पेपर असतात. मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते आणि मुलाखतही मराठीतून देता येते. मात्र सामान्य अध्ययनाच्या प्रश्नपत्रिका हिंदी आणि इंग्रजीतच छापलेल्या असतात. ज्याचा विचार मराठीत चालतो त्याने मराठीत लिहावे, असे माझे स्पष्ट मत आहे, परंतु व्यापार धोरणाचे मूळ दस्तऐवज इंग्रजीत वाचण्याची सवय त्याबरोबरच लावून घ्यावी लागेल, कारण नोकरीतला जवळपास सगळा मसुदा त्या भाषेत असतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगणे मला गरजेचे वाटते. या सेवेत दरवर्षी भरल्या जाणाऱ्या जागा अत्यंत थोड्या असतात, अगदी बोटांवर मोजण्याइतक्या. त्यामुळे 'मी फक्त आयटीएससाठी अभ्यास करतो' असे म्हणण्यात अर्थ नाही. नागरी सेवा परीक्षा एकूण गुणवत्तेसाठी द्यायची आणि सेवांचा पसंतीक्रम भरताना व्यापार सेवेला विचारपूर्वक स्थान द्यायचे, एवढेच उमेदवाराच्या हातात असते. आयटीएसचे स्थान शेवटी शेवटी नुसते भरायचे म्हणून भरणारे बरेच असतात, आणि मग ती सेवा मिळाल्यावर पुढची तीन वर्षे पुन्हा परीक्षा देण्यात जातात. ज्याला खरोखर व्यापारात रस आहे, त्याने सीमाशुल्क आणि अप्रत्यक्ष करांची भारतीय महसूल सेवा आणि आयटीएस या दोघींची तुलना आपल्या स्वभावाशी ताडून मगच क्रम लावावा.

निवड झाल्यावर आधी पायाभूत प्रशिक्षण आणि मग नवी दिल्लीतील भारतीय विदेश व्यापार संस्थेत व्यावसायिक प्रशिक्षण होते. जागतिक व्यापार संघटनेचे करार, मुक्त व्यापार करारांतले उगमाचे नियम (माल कोणत्या देशाचा मानायचा हे ठरवणारे), निर्यात वित्त, बंदरांचे कामकाज हे सर्व तिथे शिकवले जाते. पहिली नेमणूक सहायक महासंचालक म्हणून होते. सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात हा स्तर १० आणि सुरुवातीचे मूळ वेतन ५६,१०० रुपये. त्यानंतर उपमहासंचालक स्तर ११ वर, सहमहासंचालक स्तर १२ वर आणि पुढे निवड श्रेणीत स्तर १३ वर, तर अपर महासंचालक स्तर १४ वर, जिथे मूळ वेतन १,४४,२०० रुपयांपासून सुरू होते. पहिल्या बढतीची पात्रता साधारणपणे चार वर्षांच्या सेवेनंतर येते आणि पुढच्या पायऱ्या रिक्त जागांवर अवलंबून असतात. महासंचालकाचे सर्वोच्च पद मात्र अलीकडे भारतीय प्रशासकीय सेवेतील अधिकाऱ्यांकडे राहिले आहे, हेही डोळ्यांसमोर असावे.

या शिडीच्या बाजूने जे मिळते ते मला शिडीइतकेच मोलाचे वाटते. व्यापार सेवेतले अधिकारी वाणिज्य विभागात मुक्त व्यापार करारांच्या वाटाघाटींवर काम करतात. संयुक्त अरब अमिरातीशी झालेला करार १ मे २०२२ पासून लागू झाला, ऑस्ट्रेलियाशी झालेला २९ डिसेंबर २०२२ पासून, आणि ब्रिटनशी झालेल्या करारावर २४ जुलै २०२५ रोजी सह्या झाल्या. अशा प्रत्येक करारामागे हजारो शुल्क-ओळी एकेक करून तपासणाऱ्या अधिकाऱ्यांचे काम असते. अँटी-डम्पिंगची, म्हणजे परदेशी माल अवाजवी स्वस्त दराने येथे विकला जातो का याची, चौकशी करणारे व्यापार उपाययोजना महासंचालनालय आणि विशेष आर्थिक क्षेत्रांची विकास आयुक्तालये येथेही नेमणुका होतात. ज्याला वयाच्या पस्तिशीत जगाच्या टेबलावर आपल्या देशाची बाजू मांडायची आहे, त्याच्यासाठी ही लहान सेवा मोठ्या सेवांपेक्षा सरस ठरू शकते.

एसएससी सीजीएल: बंदराच्या दारातून प्रवेश

कर्मचारी निवड आयोगाची (एसएससी) पदवीधरांसाठीची सीजीएल परीक्षा हा अधिक रुंद दरवाजा आहे, आणि ठाणे-नवी मुंबईच्या मुलांसाठी तो भौगोलिकदृष्ट्याही जवळचा आहे. सीमाशुल्क विभागात या परीक्षेतून इन्स्पेक्टर (एक्झामिनर) आणि इन्स्पेक्टर (प्रिव्हेंटिव्ह ऑफिसर) अशी दोन पदे मिळतात. वेतन स्तर ७, म्हणजे सुरुवातीचे मूळ वेतन ४४,९०० रुपये. खुल्या गटाची वयोमर्यादा ३० वर्षे. याच परीक्षेतून वस्तू व सेवा कर विभागातले इन्स्पेक्टर आणि स्तर ४ चे टॅक्स असिस्टंटही निवडले जातात, आणि अलीकडच्या जाहिरातीत डीजीएफटीमधील सेक्शन हेड हे पदही दिसते.

एक्झामिनर हा मालाचा माणूस. शिपिंग बिलात लिहिलेला माल आणि कंटेनरमधला माल एकच आहे का, वर्गीकरणाचा कोड बरोबर लावला आहे का, नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा का, हे त्याला ठरवावे लागते. प्रिव्हेंटिव्ह ऑफिसर विमानतळ, जहाजे, गोदामे आणि तस्करीविरोधी कारवाया पाहतो. एक्झामिनरची बढती अप्रेझर या पदावर होते, प्रिव्हेंटिव्ह ऑफिसरची सुपरिंटेंडंट या पदावर, आणि दोघेही पुढे सहायक आयुक्त होऊ शकतात. हा प्रवास संथ असतो, हे आधीच समजून घ्यावे. थेट नागरी सेवेतून आलेला अधिकारी जिथून सुरुवात करतो, तिथे पोहोचायला येथे बरीच वर्षे लागतात. शिवाय रुजू झाल्यावर खात्यांतर्गत परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, आणि सीमाशुल्क कायदा पहिल्या दोन वर्षांत मनापासून वाचणारा कर्मचारी पुढची पंधरा वर्षे त्याच्या जोरावर चालतो.

सीजीएलचा पहिला टप्पा १०० प्रश्नांचा, २०० गुणांचा आणि अवघ्या ६० मिनिटांचा आहे. प्रत्येक चुकीला अर्धा गुण वजा होतो. येथे ज्ञानापेक्षा वेग आणि अचूकता यांची कसोटी लागते, त्यामुळे नागरी सेवेचा सखोल अभ्यास करणाऱ्यानेही गणित आणि बुद्धिमत्ता चाचणीचा स्वतंत्र सराव केल्याशिवाय हा टप्पा ओलांडता येत नाही. इन्स्पेक्टर पदासाठी शारीरिक पात्रताही असते: पुरुषांसाठी उंची १५७.५ सेंटिमीटर आणि १,६०० मीटर अंतर १५ मिनिटांत चालणे. स्त्रियांसाठी उंची १५२ सेंटिमीटर आणि एक किलोमीटर २० मिनिटांत. पदांचा पसंतीक्रम भरताना 'कस्टम म्हणजे एकच' असे समजू नका. एक्झामिनर आणि प्रिव्हेंटिव्ह ऑफिसर यांच्या दिवसात, वर्दीत आणि पुढच्या आयुष्यात मोठा फरक आहे. प्रिव्हेंटिव्हमध्ये पाळ्यांची ड्युटी असते, आणि घरच्या जबाबदाऱ्या पाहून तो विचार आधीच करावा.

या भागात कामाचा विस्तारही दिसतो आहे. जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ पासून चालू आहे आणि देशाच्या कंटेनर वाहतुकीत त्याचा वाटा फार मोठा आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले. विमानतळ आला की प्रवासी, टपाल आणि हवाई मालवाहतूक या तिन्हींसाठी सीमाशुल्काचे कर्मचारी लागतात. मात्र नोकरी लागली म्हणजे घराजवळच नेमणूक मिळेल, असे गृहीत धरू नये. सीमाशुल्कातल्या अधिकाऱ्याची बदली होतच राहते.

एमपीएससी आणि जिल्ह्याचे टेबल

राज्य शासनातला मार्ग महाराष्ट्र लोकसेवा आयोगातून जातो. गट क सेवांच्या परीक्षेतून उद्योग निरीक्षक हे पद भरले जाते. त्याला विज्ञान शाखेची पदवी किंवा अभियांत्रिकीची पदविका यांसारखी पात्रता लागते, म्हणून वाणिज्य शाखेच्या उमेदवाराने जाहिरातीतली अट आधी वाचावी. राज्यातील प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली निर्यात प्रोत्साहन समिती असते, डीजीएफटीचा अधिकारी तिचा सहअध्यक्ष असतो आणि जिल्हा उद्योग केंद्र तिचे रोजचे काम पाहते. म्हणजे भिवंडीच्या यंत्रमागाचे कापड किंवा बदलापूरचे रसायन परदेशी पाठवायचे असेल, तर पहिला सरकारी माणूस भेटतो तो इथला. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक स्वरूपात आल्यामुळे संघ लोकसेवा आणि राज्यसेवा यांचा अभ्यास आता बराचसा एकत्र करता येतो, आणि दोन्ही दरवाजे उघडे ठेवणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे.

अभ्यास कसा करावा

सामान्य अध्ययनाची पुस्तके सर्वांची सारखीच असतात; व्यापार अधिकारी होऊ पाहणाऱ्याने त्याच्या जोडीला एक वेगळी सवय लावावी. एक माल निवडा आणि वर्षभर त्याचा माग काढा. आपल्या भागात त्यासाठी हापूस उत्तम आहे. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यावर विकिरण प्रक्रिया करावी लागते आणि त्याची सोय वाशीत राज्य कृषी पणन मंडळाने केली आहे. जपानला जाणाऱ्या आंब्याला बाष्प-उष्णता प्रक्रिया लागते. युरोपीय बाजारासाठी गरम पाण्याची. या पेटीला बागेची नोंदणी, पॅकहाऊसची मान्यता, अपेडाची (कृषिमाल निर्यातीला चालना देणाऱ्या केंद्रीय संस्थेची) नोंदणी, पीक-संरक्षण विभागाचा रोगमुक्ततेचा दाखला आणि शेवटी सीमाशुल्काची मंजुरी असे टप्पे पार करावे लागतात. वर्गीकरणात तो ०८०४ ५० या उपशीर्षाखाली येतो. पहिले सहा अंक जगभर सारखे असतात आणि पुढचे दोन भारताचे. हे सगळे एका वहीत तारखांसह लिहीत गेलात, तर वर्षाच्या शेवटी तुमच्याकडे स्वतः जमवलेले असे ज्ञान असेल, जे कोणत्याही क्लासच्या नोट्समध्ये सापडणार नाही.

दुसरी सवय मूळ दस्तऐवज वाचण्याची. विदेश व्यापार धोरण २०२३ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे आणि आधीच्या धोरणांप्रमाणे त्याला पाच वर्षांची मुदत घातलेली नाही. ते डीजीएफटीच्या संकेतस्थळावर मोफत मिळते. सगळे वाचू नका. पहिले प्रकरण, चौथे प्रकरण आणि पाचवे प्रकरण वाचा. मग एक काल्पनिक प्रकरण स्वतः सोडवून पाहा. समजा, रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्याने ॲडव्हान्स ऑथरायझेशन घेऊन १ कोटी रुपयांचा कच्चा माल शुल्कमुक्त आणला. या योजनेत किमान १५ टक्के मूल्यवर्धन लागते, म्हणजे निर्यात किमान १ कोटी १५ लाखांची व्हायला हवी, आणि ती सर्वसाधारणपणे १८ महिन्यांत. मालाचे प्रमाणही ठरलेल्या मानकांत बसले पाहिजे. मानक नसेल, तर ते ठरवणाऱ्या नॉर्म्स कमिटीकडे जावे लागते. निर्यात पूर्ण झाली, पण शिपिंग बिलावर परवान्याचा क्रमांकच टाकलेला नाही, तर काय? रक्कम आली आहे, पण बँकेचा वसुली दाखला दुसऱ्या बिलाला जोडला गेला आहे, तर काय? प्रादेशिक कार्यालयातल्या अधिकाऱ्यासमोर येणाऱ्या फाइलींमध्ये असेच प्रश्न असतात. ईपीसीजीमध्ये हिशोब वेगळा: वाचलेल्या शुल्काच्या सहापट निर्यात, सहा वर्षांत. हे आकडे पाठ असणे पुरेसे नाही; चूक कुठे क्षम्य आणि कुठे अक्षम्य, हे नियमाच्या आधारे सांगता आले पाहिजे.

अभ्यासासाठी दिल्ली किंवा पुणे गाठलेच पाहिजे, असे नाही. ठाण्यात महापालिकेची चिंतामणराव देशमुख प्रशासकीय प्रशिक्षण संस्था आहे, आणि मुंबईत राज्य शासनाची प्रशासकीय व्यावसायिक शिक्षण संस्था आहे. बार्टी, सारथी, महाज्योती यांसारख्या संस्थांच्या प्रशिक्षण आणि विद्यावेतन योजनांच्या जाहिरातींवर पात्र उमेदवारांनी लक्ष ठेवावे. आर्थिक ओढाताणीमुळे परीक्षा सोडणाऱ्यांना यातून एक-दोन वर्षांचा आधार मिळतो.

खुर्चीत बसल्यावर

व्यापार अधिकाऱ्याच्या हातात पैसा थेट येत नाही, पण त्याच्या सहीची किंमत लाखोंत असते, आणि म्हणून या नोकरीतला धोका पहिल्या महिन्यापासून सुरू होतो. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ भेटवस्तूंबाबत स्पष्ट आहेत. ज्याच्याशी शासकीय व्यवहार आहे त्याच्याकडून आलेली दिवाळीची पेटी नम्रपणे परत पाठवणे, हे नव्या अधिकाऱ्याने पहिल्याच वर्षी ठामपणे केले, की पुढची वर्षे बरीच सोपी जातात.

दुसरी शिस्त लेखणीची. निर्यातदाराच्या अर्जात त्रुटी असतील, तर त्या सगळ्या एकाच पत्रात कळवाव्यात. आज एक त्रुटी, पंधरा दिवसांनी दुसरी, महिन्याने तिसरी, अशा पद्धतीने लहान निर्यातदाराचे खेळते भांडवल अडकते आणि अडवणूक करण्याचा हेतू नसतानाही परिणाम तोच होतो. दंड करण्यापूर्वी १९९२ च्या कायद्याच्या कलम १४ नुसार नोटीस आणि म्हणणे मांडण्याची संधी द्यावीच लागते, आणि आदेशाविरुद्ध कलम १५ खाली ४५ दिवसांत अपील करता येते. म्हणून आदेशात कारणे लिहावीत: समोरच्याने काय मांडले, कोणता परिच्छेद लागू झाला, का झाला. अपिलात टिकणारा आदेश लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला वरिष्ठ अवघड फाइली देतात, आणि अवघड फाइलींतूनच माणूस या क्षेत्रात घडतो. सीमाशुल्कात २०२० पासून आयातीच्या मूल्यांकनासाठी फेसलेस पद्धत आली आहे. न्हावा-शेवाला उतरलेल्या मालाचे बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचे विवरणपत्र, दुसऱ्या शहरातला अधिकारी तपासू शकतो. आयातदाराशी समोरासमोर बोलण्याची सोय उरली नसल्याने, पडद्यावर लिहिलेली शंका नेमकी आणि पुरेशी असणे आता पूर्वीहून अधिक महत्त्वाचे झाले आहे.

निकाल लागेपर्यंत आणि निकाल लागला नाही तर

परीक्षेची वर्षे रिकामी जाऊ देऊ नका. वाशी, बेलापूर, पनवेल आणि उरण परिसरात कस्टम्स ब्रोकरची, म्हणजे आयात-निर्यातदारांच्या वतीने सीमाशुल्काची कागदपत्रे हाताळणाऱ्या परवानाधारकांची, अनेक कार्यालये आहेत. लोक अजूनही त्यांना सीएचए म्हणतात. तिथे वर्षभर शिपिंग बिले भरलेल्या मुलाला सीमाशुल्काचा कायदा पुस्तकातून शिकणाऱ्यापेक्षा लवकर उमगतो. सुरुवात एच कार्डवर, म्हणजे ब्रोकरच्या कर्मचाऱ्याच्या पहिल्या ओळखपत्रावर, होते; खात्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर जी कार्ड मिळते, आणि पुढे परवान्याची परीक्षा आहे. सरकारी नोकरी मिळाल्यावर हा अनुभव कामी येतो आणि नाही मिळाली तरी तो स्वतंत्र व्यवसाय ठरतो. अपेडा, मसाला मंडळ आणि निरनिराळ्या निर्यात प्रोत्साहन परिषदा आपल्या जागांच्या स्वतंत्र जाहिराती काढतात. त्यातल्या अपेडाचे आणि मसाला मंडळाचे काम वाशी-तुर्भ्याच्या बाजारांशी थेट जोडलेले आहे. कृषी पदवीधरांनी आणि अन्न तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी या जाहिराती महिन्यातून एकदा तरी त्यांच्या संकेतस्थळांवर पाहाव्यात, कारण त्यांची मुदत अनेकदा तीन-चार आठवड्यांचीच असते.